दोन यीचुनमधलं अंतर

१

१६ जानेवारी २०१९, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. तापमान उणे सत्तावीस अंश. विमानतळाच्या दारापासून हमरस्त्याच्या वळणापर्यंत, रस्त्याकडेच्या बर्फात उमटलेली पावले चारशे बारा. सगळी एकाच दिशेने गेलेली.

पावले तोंग रुइलानने स्वतः मोजली. पोलिसात येण्यापूर्वी ती वनविद्येच्या तंत्रशाळेत तीन वर्षे लाकूड मापायला शिकली होती. आता वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीही आधी मोजायचे आणि मग बोलायचे ही तिची सवय सुटलेली नव्हती.

पावलांच्या शेवटी वळणावरच्या निळ्या पाटीखाली एक म्हातारी बसली होती. पट्ट्यापट्ट्यांची मोठी पिशवी तिने पाटासारखी खाली घेतली होती आणि तोंड रस्त्याकडे केले होते. अंगात पातळसा कापसाचा कोट, पायात कापडी जोडे. हातमोजे नसल्यामुळे दोन्ही हातांत तिने पायमोजे चढवले होते. पापण्यांवर बर्फाचे कण जमून घट्ट झाले होते.

"रस्ता चुकली असेल बिचारी," जोडीदार आओ छांगहे म्हणाला. आओ एरवी बडबड्या माणूस, पण आज त्याचा आवाज खाली गेला होता.

"चुकलेला माणूस इकडेतिकडे फिरतो, आओ. मागे वळून बघतो, परत फिरतो. ही बाई दारातून निघाली ती सरळ इथे आली आणि बसली."

"म्हणजे?"

"म्हणजे ती वाट बघत होती. आणि कुठे थांबायचं ते तिला कुणीतरी सांगितलं होतं."

कोटाच्या खिशात ठळक आकड्यांचा, म्हाताऱ्यांसाठी मिळतो तसला फोन होता. तो थंडीने बंद पडला होता. रुइलानने तो आपल्या कोटाच्या आत, काखेत धरून ठेवला. वीस मिनिटांनी पडदा उजळला. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी '१' या बटणावर जोडलेल्या नंबरला एक फोन, अठ्ठेचाळीस सेकंदांचा. त्यानंतर त्याच नंबरला आणखी नऊ फोन. शेवटचा बारा वाजून एकतीस मिनिटांनी.

नवांपैकी एकही उचललेला नव्हता.

२

ओळखपत्रावर नाव होते ओउयांग गेनश्यू, वय शहात्तर, राहणार च्यांगशी प्रांत, यीचुन शहर. बोर्डिंग पास होता बीजिंग ते यीचुन असा.

आओने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. दोन्ही नावांचे पहिले चित्राक्षर वेगळे होते. एका यीचुनमधला 'यी' सपाट सुरात म्हणायचा, दुसऱ्यातला चढत्या सुरात; बाकी कानाला दोन्ही सारखेच. ओळखपत्रावरचे यीचुन दक्षिणेत होते, जिथे जानेवारीतही डोंगर हिरवे असतात. बोर्डिंग पासवरचे यीचुन म्हणजे ते दोघे उभे होते ते, रशियाच्या सीमेजवळचे.

"हे दरवर्षी कुणाचं तरी होतं, तोंगताई," आओ म्हणाला. "गेल्या वर्षी एक नवरदेव आला होता, सूट घालून. लग्न दक्षिणेत. आपण त्याला शेवयांचं गरम सूप पाजून परत पाठवला. हसून हसून पोट दुखलं होतं."

"त्याला वाचता येत होतं का?"

"येत होतं. तिकीट बघितलंच नव्हतं त्याने."

"हिला येत नव्हतं. ओळखपत्राच्या अर्जावर सहीच्या जागी अंगठा आहे."

विमानतळावर त्या दिवशी मदतनीस म्हणून लुआन युन नावाची तरुणी होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मी त्यांना बसवलं होतं, मावशी. गरम पाणी दिलं. त्यांची बोली मला कळत नव्हती, त्यांना माझी अर्धीमुर्धीच. बाहेरचा बर्फ बघून त्या घाबरल्या. बोट जमिनीकडे करून विचारायला लागल्या, 'यीचुन? यीचुन?' मी म्हटलं, हो आजी, यीचुनच." तिने रुइलानकडे पाहिले. "मी खोटं नाही बोलले ना?"

"नाही. मग?"

"मग त्यांनी फोन लावला. मला एकच शब्द कळला, 'पांढरं'. दोनतीनदा म्हणाल्या, सगळं पांढरं. पलीकडून कुणीतरी समजावलं असावं. फोन ठेवल्यावर एकदम हसऱ्या झाल्या. पिशवीतून मोजे काढून हातात घातले आणि निघाल्या. मी हात धरला तर म्हणाल्या, 'मुलगा, मुलगा', आणि बाहेर बोट दाखवलं. मला वाटलं, मुलगा न्यायला आलाय."

"तुम्ही नंतर बघितलं नाही?"

"साडेअकराला विमान परत गेलं. दिवसाचं एकच असतं. आमची बस मागच्या फाटकातून जाते."

प्रमुखांनी संध्याकाळीच सांगितले की हा अपघात आहे, कागद पुरा करून टाका. तेवढ्यात बीजिंगच्या पोलिसांचा फोन आला. म्हातारीच्या नातीबद्दल: यान म्याओ, वय एकोणीस. तिकीट तिने काढले होते. फोनमध्ये तिने 'यीचुन' असे टाइप केले, वर आलेल्या नावावर बोट ठेवले आणि पैसे भरले. बातमी ऐकताच ती कोसळली होती आणि पाण्याचा घोटही घेत नव्हती. आता ती इस्पितळात होती आणि भेटेल त्याला एकच वाक्य सांगत होती.

"आजीला मी मारलं."

रुइलानने कागद पुरा केला नाही. दुसऱ्या दिवशीच्या विमानात तिने स्वतःसाठी जागा मागितली.

३

यीचुन ते बीजिंग तेराशे वीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटे. उतरताना रुइलानने तो आकडा वहीत लिहिला.

म्याओ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताला सलाईन लावलेले. शेजारी तिचा बाप, यान गुआंगछिंग, वाटीत पेज घेऊन बसला होता. वय अठ्ठेचाळीस, लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामावरचा मुकादम. नखांत काळे ग्रीस, पण बोलणे अगदी नीटनेटके.

"हिला काही शिक्षा होणार नाही ना, साहेब?" त्याने उठून विचारले. "पोर आहे. चूक झाली. मी तिला कधीच माफ केलंय."

'माफ' हा शब्द ऐकताच खाटेवरची पाठ किंचित आखडली. ते रुइलानने पाहिले.

"तुम्ही बाहेर थांबा थोडं," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने खुर्ची खाटेजवळ ओढली. "म्याओ, मी तिथूनच आलेय. तुझ्या आजीला मी पाहिलंय. मला फक्त त्या सकाळचं सांग. क्रमाने."

भिंतीकडूनच आवाज आला. "मी तिला सोडायला गेले होते. आत जाताना ती म्हणाली, परत येताना तुझ्यासाठी धुरावलेलं मांस आणते, इथलं तुमचं रबरासारखं असतं. मग गेली. मी बाहेर विमानांच्या वेळांच्या पाटीवर बघत बसले. आठ तीसचं विमान. सुटलं तसं मी बाबांना कळवलं."

"कसं?"

"मेसेज केला. आठ पन्नासला. 'विमान वेळेवर सुटलं.' बाबांचं उत्तरही आलं, 'ठीक'." तिने मान वळवली. डोळे कोरडे होते. "पाटीवर यीचुन दोनदा होतं, मावशी. एक आठ वीसचं, एक आठ तीसचं. मी आजीचं तेवढं बघितलं. दुसरं बघितलंच नाही."

"आजी गावी कशाला निघाली होती?"

"अठराला गावात बैठक होती. बाबांना विचारा, मला त्यातलं फार कळत नाही." जराशाने तिने विचारले, "ती किती वेळ जिवंत होती, मावशी? खरं सांगा."

रुइलानने लगेच सांगितले नाही. "सांगेन," ती म्हणाली. "आधी सगळं मोजू दे."

व्हरांड्यात गुआंगछिंग भिंतीला टेकून उभा होता. त्याने न अडखळता सगळे सांगितले. सकाळी नऊला त्याने गावातल्या मामेभावाला, शुइगेनला फोन केला, आईला घ्यायला जायची आठवण द्यायला. पावणेअकराला आईचा फोन आला. "पोचले म्हणाली. मी म्हटलं, बाहेर वळणावर पाटीखाली थांब, शुइगेनची तीनचाकी येईल. आत बसू नकोस, त्याला आत शोधता येत नाही. एवढंच. मग मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलो. तिथे फोन लागत नाही. दोनला वर आलो तेव्हा तिचा फोन बंद..." त्याने तोंडावरून हात फिरवला.

"पोचले म्हणाली तेव्हा शंका नाही आली?"

"कशाची शंका, साहेब? वेळ बरोबर होती. दोन तास आणि काही मिनिटं. दोन्ही गावं बीजिंगपासून सारखीच लांब आहेत, बघा तुम्ही हिशोब करून. नशीबच खोटं."

हिशोब अगदी बरोबर होता. रुइलानला एवढेच वाटले की आई गमावलेल्या माणसाने तो फार लवकर केला होता.

४

बीजिंग ते दक्षिणेचे यीचुन, तेराशे पन्नास किलोमीटर. दोन तास पंचवीस मिनिटे.

खिडकीतून रुइलानला खाली बर्फ संपताना आणि शेते सुरू होताना दिसली. वहीत तिने एक त्रिकोण काढला. दोन बाजू जवळजवळ सारख्या, टोकावर बीजिंग. तिसरी बाजू, एका यीचुनपासून दुसऱ्यापर्यंत, अडीच हजारांच्या पुढे. गेनश्यू आजीने आयुष्यभर एकच यीचुन पाहिले होते. तिच्या घड्याळाने, तिच्या कानांनी आणि त्या मदतनीस मुलीने तिला एकच गोष्ट सांगितली होती, की तू घरी पोचलीस. फक्त डोळ्यांनी वेगळे सांगितले होते. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही हे तिने फोन करून मुलाला विचारले होते.

शुइगेनचे घर डोंगराच्या पायथ्याशी होते. पन्नाशीचा, बुटका, अंगाने भक्कम माणूस. त्याने काही न विचारता पुढ्यात भात, मिरच्यांत परतलेले धुरावलेले मांस आणि तांदळाची दारू मांडली.

"खा ताई. हे आत्याच्याच चुलीवरचं मांस आहे. ती न्यायला येणार होती नातीसाठी."

"बैठक कसली होती?"

"रस्त्याची. डोंगर कापून मोठा रस्ता नेतायत. आत्याचं घर आणि तिच्या नवऱ्याची कबर, दोन्ही मध्ये येतात. बाकी सगळ्यांनी अंगठे दिले. आत्या म्हणाली, मी जिवंत आहे तोवर त्याला उठवायचा नाही, तो झोपलाय. तेच सांगायला येत होती."

"आणि गुआंगछिंग?"

"त्याला पाहिजे होतं. बदल्यात शहरात फ्लॅट मिळतो. दोघांचं दोन वर्षं वाजत होतं. आता अंगठा त्याचाच." शुइगेनने पेला खाली ठेवला. "पण तसा वाईट नाही हो तो. त्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन केला होता."

"नऊ वाजता."

"नऊला. मीच त्याला म्हटलं, घाई करू नको बाबा. धुकं असं पडलंय की म्हशीच्या शिंगाशी उभा राहिलो तर शेपूट दिसत नाही. विमानतळावर आमचा एक ओळखीचा आहे. तो म्हणाला, एक वाजायच्या आत इथे काही उतरत नाही. बीजिंगचं विमान अजून बीजिंगलाच उभं आहे."

रुइलानच्या चॉपस्टिक वाटीवरच थांबल्या.

"हे तुम्ही गुआंगछिंगला सांगितलंत? याच शब्दांत?"

"याच शब्दांत. म्हशीचं ऐकून तो नेहमी हसतो. त्या दिवशी हसला नाही. थोडा वेळ गप्पच होता. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, 'ठीक. मी कळवल्याशिवाय घरातून निघू नकोस.'"

"आणि कळवलं कधी?"

शुइगेनने दाराबाहेर उभ्या तीनचाकीकडे पाहिले.

"कळवलंच नाही," तो म्हणाला.

५

बीजिंगच्या पोलिस चौकीतल्या लहानशा खोलीत गुआंगछिंग समोर बसला होता. रुइलानने टेबलावर फक्त वही ठेवली होती.

"तुम्ही लिफ्टमधला दोष कसा शोधता?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"वीस वर्षं करताय. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आहे असं एक दिवा सांगतो, दुसरा सांगतो तळाला आहे. तुम्ही काय म्हणता?"

"दोन्ही खरं नसतं. एक दिवा खोटा." तो बेसावधपणे बोलून गेला.

"सोळा तारखेला आठ पन्नासला म्याओने कळवलं, विमान सुटलं. नऊला शुइगेनने कळवलं, विमान सुटलेलंच नाही, बीजिंगला उभं आहे. दोघांपैकी खोटं कोण?"

त्याने नखातले ग्रीस खरवडायला सुरुवात केली.

"कुणीच नाही. विमानं दोन होती. तुमच्यासारख्या माणसाला हे कळायला किती वेळ लागतो? शुइगेन म्हणतो, तुम्ही फोनवर थोडा वेळ गप्प होता."

"मी कामात होतो. धुक्याचं तो बोलला असेल, माझ्या डोक्यातून गेलं."

"साफ विसरलात?"

"साफ. आईचा फोन आला तेव्हा धुक्याची आठवणही नव्हती मला."

"बरं." रुइलानने वहीचे पान उलटले. "मदतनीस मुलीने ऐकलंय, तुमची आई फोनवर दोनतीनदा म्हणाली, सगळं पांढरं आहे. मला तुम्ही हे सांगितलं नव्हतंत. शहात्तर वर्षांची बाई विचारते की इथे सगळं पांढरं आहे, आणि तुम्ही तिला बाहेर जाऊन थांबायला सांगता?"

"मला काय माहीत तिकडे बर्फ आहे," तो घाईने म्हणाला. "पांढरं म्हणजे मला धुकं वाटलं. शुइगेन सकाळीच म्हणाला होता ना..."

तो तिथेच थांबला.

"धुकं आठवत नव्हतं तर पांढरं म्हणजे बर्फच," रुइलान शांतपणे म्हणाली. "आणि धुकं आठवत होतं तर तुम्हाला हेही ठाऊक होतं की तिथे विमान उतरूच शकत नाही. यांतलं कुठलंही घ्या, यान. तुमची आई कुठे उभी होती ते तुम्हाला माहीत होतं. नऊ वाजल्यापासून. पावणेदोन तास होते तुमच्याकडे."

"मी तिला हातही लावला नाही."

"नाही. तुम्ही तेराशे वीस किलोमीटरवर होतात."

तो बोलला तेव्हा तिच्याकडे नव्हे, आपल्या नखांकडे बघत होता. "चूक मी केली नव्हती. चूक झालीच होती. मी फक्त... दुरुस्त केली नाही. वाटलं, कुणीतरी नेईलच तिला आत. नेलं तर नेलं." त्याने वर पाहिले. "तो फ्लॅट म्याओच्या नावावर होणार होता, साहेब. तिच्यासाठीच सगळं."

"आणि म्याओ तिकडे खाटेवर पडून म्हणते की आजीला मी मारलं. तुम्ही उशाशी बसून तिला माफ करत होतात."

त्याने डोळे मिटले.

"शाफ्टमध्ये फोन लागत नाही ना?" तिने विचारले.

"लागतो," गुआंगछिंग म्हणाला. "नऊ वेळा वाजला. मी मोजले."

नऊ हा आकडा रुइलानने त्याला कधीच सांगितला नव्हता.

६

इस्पितळात म्याओ उठून बसली होती. रुइलानने तिला सगळे सांगितले, क्रमाने, काही न गाळता. बापाचे नाव आले तेव्हा मुलीने उशीचा कोपरा मुठीत धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. रुइलानच्या मनात आले की आपण हिच्या पाठीवरचे एक ओझे उतरवून त्याहून जड दुसरे ठेवतो आहोत. पण हे दुसरे निदान तिचे स्वतःचे नव्हते.

"मग मी काय केलं, मावशी?" म्याओने विचारले. "मी काहीच केलं नाही असं म्हणू नका."

"नाही म्हणत. तू चुकीच्या नावावर बोट ठेवलंस. आजीला घरापासून अडीच हजार किलोमीटर लांब पाठवलंस." रुइलानने वही उघडून त्रिकोण तिच्यापुढे धरला. "पण ती जिथे उतरली तिथे खोली उबदार होती, प्यायला गरम पाणी होतं. साडेअकराला तेच विमान इकडे परत आलं, त्यात त्रेचाळीस जागा रिकाम्या होत्या. 'आई, तिथेच बस आणि फोन त्या मुलीकडे दे' एवढं कुणी म्हटलं असतं, तर दुपारी दोनच्या आत ती तुझ्यासमोर असती. आणि तुला आयुष्यभर चिडवत राहिली असती."

म्याओ रडली, चार दिवसांत पहिल्यांदा. रुइलानने पेजेची वाटी जवळ सरकवली. बऱ्याच वेळाने मुलीने चमचा उचलला. पहिला चमचा चादरीवर सांडला. दुसरा सांडला नाही.

"ती किती वेळ...? तुम्ही मोजून सांगते म्हणाला होतात."

"शेवटचा फोन साडेबाराला केला तिने. त्यानंतर फार नाही."

परतीच्या विमानात रुइलानने अहवाल लिहायला घेतला. 'मृत्यूचे कारण' या रकान्यात डॉक्टरांनी 'थंडी' असे लिहिले होते. तो शब्द तिने तसाच ठेवला. त्याखाली 'कारणीभूत कृती' असा रकाना होता. तिथे तिने लिहिले: मुलाने आईशी फोनवर केलेले एक संभाषण. शेजारी अवधीसाठी जागा होती. तीही तिने भरली.

४८ सेकंद.